दहा सेकंदांचा कागद आणि न सापडणारी धडधड

ईसीजी काढायला पाच-सात मिनिटं लागतात, त्यातला बराचसा वेळ कपडे सावरण्यात, ते गार जेल लावण्यात आणि चिमटे अडकवण्यात जातो, प्रत्यक्ष हृदयाची नोंद कागदावर येते ती साधारण १० सेकंदांची. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाचे ८,६४० तुकडे केले तर त्यातला एक तुकडा डॉक्टरांच्या हातात पडतो. आता जिला महिन्यातून दोनदा, तेही दहा-दहा मिनिटं धडधडतं, तिचा ईसीजी नॉर्मल येणार नाही तर काय येणार? हा साधा हिशोब पहिल्याच दिवशी कुणी मांडून दाखवला असता तर माझं पुढचं दीड वर्ष जरा बरं गेलं असतं.

माझं असं की अधूनमधून, वेळ-काळ काही ठरलेलं नाही, छातीत मासा उलटल्यासारखं होतं. बऱ्याचदा एवढंच, की एक ठोका कुणीतरी गिळला आणि पुढचा आतून बुक्की मारल्यासारखा आला. आणि कधीतरी, हे क्वचित, पण एकदा सुरू झालं की पाच-दहा मिनिटं हृदय नुसतं पळत सुटतं, गळ्यापर्यंत ठोके जाणवतात, आणि मग जसं सुरू झालं तसंच गप्प. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. घरातली लाईट सारखी जातेय म्हणून वायरमनला बोलवावं आणि तो दारात आल्यावर सगळे दिवे लख्ख, तसं. तीन ईसीजी, एक टूडी इको, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल, आणि निघताना "टेन्शन घेत जाऊ नका".

गोची इथेच आहे. 'काही सापडलं नाही', 'काही नाहीये' आणि 'आहे, पण घाबरण्यासारखं नाही' ही तीन वेगळी वाक्यं आहेत, आणि दवाखान्याच्या घाईत तिन्हीसाठी एकच शब्द वापरला जातो, नॉर्मल. आपण घरी येतो आणि ठरवत बसतो की आपल्याला यातलं नेमकं कुठलं सांगितलं.

मग मी वाचायला लागले. रात्री दोनला लक्षणं टाकून सर्च करण्याला मी वाचन म्हणत नाही, तेही केलं, त्याने धडधड वाढते. हृदय मुळात चालतं कसं ते वाचलं.

हृदयाला प्रत्येक ठोका मेंदूने सांगावा लागत नाही. उजवीकडच्या वरच्या कप्प्याच्या माथ्यावर पेशींचा एक छोटा पुंजका असतो, साइनस नोड, तो स्वतःच्या स्वतः वीज तयार करतो, मेंदू फक्त त्याचा वेग कमी-जास्त करतो. हा पुंजका आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी शोधला, १९०७ साली ते छापून आलं, फ्लॅक तेव्हा मेडिकलचा विद्यार्थी होता आणि त्याला तो पहिल्यांदा दिसला मोल नावाच्या, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या एका इवल्याशा प्राण्याच्या हृदयात. तर या पुंजक्यातून निघालेली लहर वरच्या कप्प्यांतून मधल्या एका नाक्यावर येते, तिथे क्षणभर थांबते, मग खालचे मोठे कप्पे आवळले जातात. मिनिटाला ७० धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके. एक लाखात पाच-पन्नास इकडेतिकडे झाले तर त्यात नवल ते काय, असं मला आता वाटतं, तेव्हा वाटत नव्हतं.

कारण वीज तयार करायची खोड फक्त त्या नोडला नसते, हृदयातल्या इतर पेशीही मधूनच उचकतात. वर्गात बाईंनी 'तीन' म्हणायच्या आत मागच्या बाकावरच्या कुणीतरी टाळी वाजवावी तसं. याला एक्टोपिक म्हणतात. आपण म्हणतो ठोका चुकला, खरं तर तो लवकर आलेला असतो. लवकर आल्यामुळे हृदय तोवर रक्ताने नीट भरलेलंच नसतं, त्यामुळे त्या ठोक्यात दम नसतो, मनगटावर नाडी धरली असेल तर तो तिथे लागतही नाही. मग नोडचा नेहमीचा सिग्नल येतो पण स्नायू अजून मागच्या ठोक्यातून सावरत असतो, तो सिग्नल वाया जातो, आणि एक लांबलचक पोकळी पडते. त्या पोकळीत हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं, जास्त ताणलं जातं, आणि हृदयाचा स्नायू जितका ताणला जाईल तितका तो जोरात आवळतो, म्हणून पुढचा ठोका दणकन बसतो. म्हणजे ज्या दणक्याने आपल्या काळजाचं पाणी होतं तो बिचारा अगदी सरळमार्गी ठोका असतो, फक्त त्याच्याकडे रक्त जास्त आलेलं असतं! हे कळल्यावर माझे एक्टोपिक कमी झाले नाहीत, पण दणका बसल्यावर हात आपोआप मनगटाकडे जायचा तो कमी झाला.

डाव्या कुशीवर झोपलं की हे जास्त कळतं, कारण त्या बाजूला हृदय छातीच्या भिंतीला जास्त चिकटतं. त्यात रात्रीची शांतता, लक्ष द्यायला दुसरं काही नाही. धडधाकट माणसांना २४ तास मशीन लावलं तरी त्यातल्या निम्म्याअधिक लोकांत एखाददुसरा तरी एक्टोपिक दिसतो, बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

दुसरा प्रकार, जो पळत सुटतो, तो वेगळा. काही लोकांच्या हृदयात त्या मधल्या नाक्यापाशी किंवा त्याला वळसा घालून जाणारी एक जादा वाट जन्मापासून असते, आणि एखादी लहर त्यात अडकून गोल गोल फिरायला लागली की ठोके थेट १५०, १८०, कधी २००च्या वर. याला एसव्हीटी म्हणतात. वळसा घालणाऱ्या वाटेमुळे ईसीजीत जी खूण दिसते आणि जी धडधड होते तिचं वर्णन वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० साली केलं म्हणून त्या आजाराला त्यांचं नाव आहे. एसव्हीटीची खूण म्हणजे बटण दाबल्यासारखं सुरू आणि बटण दाबल्यासारखं बंद. याउलट भीतीने, तापाने, रक्त कमी असल्याने, अंगातलं पाणी कमी झाल्याने किंवा थायरॉईड वाढल्याने जी धडधड होते ती फॅनच्या रेग्युलेटरसारखी, हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. आणि एट्रियल फिब्रिलेशन नावाचा तिसरा प्रकार, त्यात ठोक्यांना तालच नसतो, ताशावर कुणी वेडंवाकडं टिपरू मारावं तसं, त्यात वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जायचा धोका असतो म्हणून वय आणि बाकीचे आजार बघून रक्त पातळ करणारी गोळी लागते.

बटण की रेग्युलेटर, हा एवढा फरक मला माहीत असता तर मी पहिल्याच भेटीत तो सांगितला असता. मी काय सांगितलं, तर "कसंतरी होतं".

आता टेन्शनबद्दल, कारण ते सगळ्यांनाच ऐकावं लागतं. १९९७ मध्ये एक अभ्यास छापून आला, एसव्हीटी आहे हे पक्कं झालेल्या १०७ लोकांचा. त्यातल्या ६७ टक्के लोकांची लक्षणं पॅनिक डिसऑर्डरच्या, म्हणजे अचानक प्रचंड भीतीचे झटके येण्याच्या आजाराच्या, व्याख्येत बसत होती. निम्म्याहून जास्त लोकांचा आजार पहिल्या तपासणीत सुटला होता आणि तो ओळखू यायला मधली व्यक्ती धरली तर ३.३ वर्षं लागली होती, आणि लक्षणं मानसिक आहेत असा शिक्का पुरुषांपेक्षा बायकांवर दुपटीने बसला होता. (हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.) पण याची दुसरी बाजू सोडून चालणार नाही. १९९६ च्या एका अभ्यासात धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या १९० लोकांचं कारण शोधलं, तेव्हा ४३ टक्क्यांचं कारण हृदयात निघालं, ३१ टक्क्यांचं खरोखरच चिंता-पॅनिक या बाजूचं निघालं, आणि १६ टक्के लोकांचं सगळं करूनही कळलंच नाही. आणि ही खाती एकमेकांपासून इतकी वेगळी नसतातच, एक्टोपिक आला की माणूस घाबरतो, घाबरला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, अ‍ॅड्रेनलिनने आणखी एक्टोपिक येतात, आता यात आधी कोण हे शोधत बसण्यात अर्थ नाही. चिंतेवर उपचार घेतले म्हणजे हृदयाची तपासणी सोडून दिली असं होत नाही, दोन्ही एका वेळी चालू शकतं.

मशीनचा इतिहास वाचला की आपली तक्रार जरा मवाळ होते. विलेम आइंटहोवेनने ईसीजीचं मशीन तयार केलं ते सुमारे २७० किलोचं होतं, चालवायला पाच माणसं लागायची, आणि पेशंटने हातपाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसायचं. १९२४ मध्ये त्याला त्याचं नोबेल मिळालं. मग नॉर्मन होल्टर या फिजिक्सच्या माणसाला वाटलं की हृदय कामात असताना मोजायला हवं, १९४७ च्या सुमाराचं त्याचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं होतं आणि त्याचं वजन होतं ३८ किलो. आज होल्टर गळ्यात अडकवून आपण भाजी चिरू शकतो. पण २४ तासांचा होल्टर ही सुद्धा एका दिवसाचीच खिडकी, माझा लावला त्या दिवशी माझं हृदय पाहुणे आल्यावर लहान मूल जसं शहाण्यासारखं वागतं तसं वागलं. म्हणून किती वेळा होतं त्यावर मशीन ठरतं. रोज होत असेल तर होल्टर, आठ-पंधरा दिवसांनी होत असेल तर दोन आठवड्यांचा चिकटपट्टीसारखा पॅच, आणि सहा महिन्यांतून एकदा होऊन चक्कर येत असेल तर त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर, पेनड्राइव्हपेक्षाही लहान, तो तीनेक वर्षं ऐकत राहतो.

घड्याळांचं काय? २०१९ मध्ये निकाल आलेल्या एका अभ्यासात ४,१९,२९७ लोकांनी अ‍ॅपलचं घड्याळ घातलं होतं, त्यातल्या फक्त ०.५२ टक्के लोकांना नाडी अनियमित असल्याची सूचना आली, आणि त्यातल्या ज्यांनी नंतर पॅच लावून परत पाठवला त्यांच्यात ३४ टक्के लोकांना फिब्रिलेशन सापडलं. बाकीच्यांना सूचना चुकीची आली होती का? तसंही म्हणता येत नाही, कारण पॅच लावला त्या दिवसांत ते झालंच नसेल. शेवटी इथेही तोच वायरमन, तेच दिवे. घड्याळातला ३० सेकंदांचा ईसीजी मात्र कामाचा, कारण तो धडधडत असताना काढता येतो. धडधड नसताना काढलेल्या नॉर्मल ईसीजीतून जन्मजात वाटेची खूण, जुना अटॅक असलं काही नाही एवढं बऱ्यापैकी कळतं, पण त्या धडधडीबद्दल तो मुका असतो. ऐन धडधडीत काढलेला ईसीजी नॉर्मल आला तर तो मात्र खरा पुरावा, की त्या वेळी ताल बिघडलेला नव्हता. दिवसातून वीस वेळा बोट लावून बघायचं नाही, हे मी स्वतःला सांगते, ऐकते असं नाही.

गोळी का देत नाहीत, हाही माझा राग होता. १९८९ मध्ये थांबवलेल्या कास्ट नावाच्या चाचणीबद्दल वाचलं तेव्हा तो ओसरला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांचे एक्टोपिक औषधाने दाबले तर ते जास्त जगतील असं सगळ्यांना वाटत होतं, औषधांनी एक्टोपिक खरंच कमी केले, आणि माणसं मात्र नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त मेली. तेव्हापासून निव्वळ एक्टोपिक दिसले म्हणून कुणी तसली औषधं काढत नाही. एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या वर ते जायला लागले की मग हृदयाच्या ताकदीवर परिणाम होतोय का ते बघतात.

एसव्हीटीचं बरं आहे, तो सापडला तर त्याची जादा वाट कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून आत सरकवलेल्या बारीक नळीने, जाळून टाकता येते आणि बहुतेकांचं ते कायमचं जातं. तोवर श्वास कोंडून जोर लावायची युक्ती असते, वलसाल्वा नावाच्या शरीरशास्त्रज्ञाची, त्याने ती १७०४ मध्ये कानातला पू काढायला सांगितली होती! २०१५ च्या चाचणीत १५ सेकंद जोर लावून लगेच आडवं करून पाय वर उचलले तर ४३ टक्के लोकांचा एसव्हीटी थांबला, नुसता बसून जोर लावला तर १७ टक्के. पण ही आपल्या डॉक्टरांना विचारून, त्यांनी दाखवल्यावरच करायची.

आणि काही गोष्टींत थांबायचंच नाही, शुद्ध हरपली, व्यायाम करत असताना धडधडून डोळ्यापुढे अंधारी आली, छातीत दुखतंय, दम लागतोय, किंवा घरात कुणी तरुण माणूस अचानक गेलंय, तर सरळ दवाखाना, हे असलं वाचत बसायचं नाही.

मला सगळ्यात उपयोग झाला तो एका डॉक्टरबाईंच्या एका प्रश्नाचा. त्या म्हणाल्या, ठोके कसे पडतात ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा. मी टकटक करून दाखवलं, एकसारखं, भराभर, आणि त्या म्हणाल्या "बरं, म्हणजे ताल सुटत नाही." दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याकडून काहीतरी माहिती मिळाली होती. तेव्हापासून मोबाईलमध्ये लिहून ठेवते, कधी, काय करत असताना, बटण की रेग्युलेटर, एकसारखं की वेडंवाकडं, किती वेळ, आदल्या रात्री झोप किती, कॉफी किती, पाळीचा कितवा दिवस, कुठली सर्दीची गोळी घेतली होती का. पॅचमध्ये एक्टोपिक सापडले, अगदी थोडे, त्यांचं काही करायचं नाही असं ठरलंय. पळत सुटणारं अजून सापडलेलं नाही. फाईलवर त्या डॉक्टरांनी 'एसव्हीटी' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय, आणि गंमत म्हणजे त्या प्रश्नचिन्हाचा मला नॉर्मलपेक्षा जास्त आधार वाटतो.

परवाची नोंद अशी: रात्री ११.४०, नुसती बसले होते, एकदम सुरू, एकसारखं, ७ मिनिटं, एकदम बंद. घड्याळ चार्जिंगला लावलेलं.