पार्श्वभूमी: मतलई वारे, धुरकं आणि मुंबईचा खोकला

धूर मुंबईला नवीन नाही. धुराच्या त्रासाविरुद्ध कायदा इथे १९१२ सालीच झाला, तेव्हा गिरण्यांची धुरांडी होती, मग चेंबूर-माहुलला रिफायनऱ्या आल्या अन् लोक त्या भागाला सरळ गॅस चेंबर म्हणायला लागले. बाकीची मुंबई मात्र निवांत, कारण समुद्र. खारे वारे-मतलई वारे शाळेत सगळ्यांनी घोकलेत, परत सांगत नाही. हिवाळ्यातली गोम एवढीच की रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम राहते, म्हणजे शहरावर झाकणच बसतं, त्यात मतलई वारा आतल्या भागातला धूर इकडे आणतो. दुपारी खारा वारा दणकून सुटला तर सगळं साफ, मरगळलेला आला तर कालचा धूर आजही इथेच.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात नेमकं हेच झालं, काही दिवस तर आपला प्रदूषणाचा आकडा दिल्लीच्याही वर गेला. सलग तिसऱ्या वर्षी ला निना होता (म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार), त्याने वाऱ्याची लय बिघडवली असं काही शास्त्रज्ञ म्हणाले, आणि हे कारण बऱ्याच जणांच्या सोयीचं होतं. वारा पडला होता हे खरंच, पण मेट्रोची खोदकामं, पाडलेल्या चाळी आणि आरएमसी प्लांटची (तयार काँक्रीट बनवणाऱ्या कारखान्यांची) सिमेंटची धूळ ला निनाने नाही आणली. (जानेवारी २०२२ मध्ये गाड्यांवर पांढरी धूळ बसली होती ती वेगळी, ती खरंच पाकिस्तानकडून समुद्रावरून आली होती.)

मग सोसायटीच्या ग्रुपवर भांडण एक्यूआयवरून, म्हणजे हवेच्या दर्जाच्या निर्देशांकावरून. एक जण ‘समाधानकारक’चा स्क्रीनशॉट टाकतो, दुसरा त्याच सकाळी लाल आकडा. दोघंही खरे. २०१४ साली आलेल्या आपल्या निर्देशांकात पीएम २.५ चे (अतिसूक्ष्म धूलिकणांचे) घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम म्हणजे १००, तेवढ्याच धुळीला अमेरिकन पद्धतीत आकडा पडतो दीडशेच्या वर. शिवाय आपला आकडा २४ तासांच्या सरासरीचा, बरीच ॲप्स मात्र आत्ताचा दाखवतात, म्हणजे पहाटेचं धुरकं सरासरीत विरघळून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली, आपल्याकडे ६० पर्यंत समाधानकारकच. कोणाचं समाधान, हे विचारायचं नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, त्याच महिन्यात पालिकेने नियमही काढले: उंच इमारतींच्या साइटभोवती ३५ फुटी पत्रे, पाण्याचे फवारे, धूळ बसवायला स्प्रिंकलर. पत्रे लागले, काही ठिकाणी तर नुसतेच लागले. डिसेंबर २०२४ मध्ये भायखळा आणि बोरिवली पूर्वेची बांधकामंच थांबवली.

पीएम २.५ चे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, दमेकऱ्यांना आधी कळतं. आणि झाकण सगळ्यात खाली असतं ते सूर्य उगवायच्या सुमारास, म्हणजे आमच्या बिल्डिंगमधले काका खिशात पंप घेऊन ‘ताजी हवा’ खायला निघतात बरोबर तेव्हाच.