तळहाताचा घाम आणि मेंदूची आज्ञा

लिहिणाऱ्या हाताखाली रुमाल ठेवून पेपर सोडवणारे एखादे मूल बहुतेक शाळांत सापडते. रुमाल सरकला की शाई फुटते, कागद ओलसर होऊन फुगतो आणि घरचे ‘एवढं घाबरायचं कशाला?’ म्हणून मोकळे होतात. डिसेंबरच्या थंडीतही तळहातांवरून थेंब गळत असतील, तर तो प्रश्न भित्रेपणाचा नसतो. वैद्यकशास्त्रात त्याला हायपरहायड्रोसिस म्हणतात.

आपल्या त्वचेत साधारण 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतील बहुतेकींचे काम शरीर थंड राखण्याचे असते, कारण एक लिटर घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. (कोकणातल्या दमट हवेत घाम सुकण्याऐवजी नुसता ओघळतो, म्हणून अंग भिजूनही गारवा वाटत नाही, तो आजार नव्हे.) तळहात आणि तळपायांवर या ग्रंथी सर्वांत दाट असतात आणि त्या उष्म्यापेक्षा मनावरच्या ताणाला अधिक तत्परतेने दाद देतात. हायपरहायड्रोसिसमध्ये ग्रंथींची संख्या किंवा रचना बहुधा नेहमीसारखीच असते. त्यांना मज्जातंतूंकडून येणारी आज्ञा मात्र गरजेपेक्षा जास्त असते. त्यात घाम दिसेल या काळजीनेच आणखी घाम येतो.

ही आज्ञा पोहोचवणारे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. अनुकंपी मज्जासंस्थेचे, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेचे, तंतू सहसा नॉरॲड्रेनॅलिन वापरतात, पण घर्मग्रंथींकडे जाणारे तंतू याला अपवाद आहेत, हे हेन्री डेल आणि विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी 1934 मध्ये मांजराच्या पंज्यावरील प्रयोगांतून दाखवले. आजचे काही महत्त्वाचे उपचार याच अपवादावर उभे आहेत.

उपचारांपूर्वी निदान नीट व्हायला हवे. लहानपणी किंवा पौगंडावस्थेत सुरू झालेला, दोन्ही बाजूंना सारखाच येणारा, झोपेत थांबणारा आणि घरात आणखी कोणाला असणारा घाम बहुधा याच प्रकारातला असतो. याउलट रात्री कपडे भिजवणारा घाम, जोडीला ताप किंवा घटते वजन असेल, तर क्षयरोग, थायरॉइडचे विकार किंवा अन्य कारण तपासून घ्यावे लागते.

काखेसाठी सहसा पहिला उपाय ॲल्युमिनियम क्लोराइडचा. हे द्रावण घर्मग्रंथींच्या नलिकांची तोंडे तात्पुरती बुजवते. ते रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावून सकाळी धुवायचे असते. ओल्या त्वचेवर लावल्यास आम्ल तयार होऊन आग होते, आणि ‘औषध सोसत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांची चूक नेमकी इथे असते. हातापायांसाठी आयोन्टोफोरेसिस उपयोगी पडते: नळाच्या पाण्याच्या उथळ ट्रेमध्ये तळवे बुडवून 20 ते 30 मिनिटे सौम्य विद्युतप्रवाह सोडतात, आठवड्यातून काही वेळा. पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवतींनी मात्र ते टाळावे.

बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन सुटूच देत नाहीत. ती देण्यापूर्वी कधीकधी काखेत आयोडीन लावून, ते सुकल्यावर वर स्टार्चची भुकटी भुरभुरतात. जिथे घाम सुटतो तिथे ठिपके गडद जांभळे-काळे होत जातात आणि सुई कुठे टोचायची याचा नकाशाच उमटतो. परिणाम साधारण सहा महिने टिकतो, खर्च मात्र दर वेळी नव्याने होतो. ग्लायकोपायरोलेटसारख्या गोळ्या तोच संदेश ग्रंथीच्या दाराशी अडवतात, पण साऱ्या शरीरात. त्यामुळे तोंड कोरडे पडते आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात काम करणाऱ्याचा घाम आटला तर उष्माघाताचा धोका वाढतो.

छातीतील अनुकंपी मज्जातंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेने हात जवळजवळ तत्काळ कोरडे होतात, तरी ती मी अगदी शेवटी ठेवेन. अनेकांना त्यानंतर पाठ, पोट आणि मांड्यांवर भरपाईचा घाम येऊ लागतो, काहींना तो मूळ त्रासाहून जड जातो, आणि कापलेला तंतू पूर्ववत करण्याची खात्रीची सोय नाही.