संत झिटा

संत झिटा म्हणजे इटलीतल्या लुक्का शहरात १३व्या शतकात होऊन गेलेली कॅथलिक संत, घरकाम करणाऱ्या बायामाणसांची आश्रयदाती, सण २७ एप्रिल. मठ स्थापला नाही, ग्रंथ लिहिला नाही, आयुष्यभर दुसऱ्याच्या घरचा केरवारा, धुणंभांडी आणि स्वयंपाक केला आणि त्याच्यातच तिला पावित्र्य सापडलं असं चर्च मानतं, म्हणून रोजच्या साध्या कामातली भक्ती हा विषय निघाला की तिचं नाव येतं.

लुक्काजवळच्या मोन्साग्राती गावातल्या गरीब घरात जन्म. वयाच्या बाराव्या वर्षी फातिनेल्ली ह्या लोकर-रेशमाच्या व्यापारी घराण्यात कामाला लागली आणि मरेपर्यंत, म्हणजे साधारण ४८ वर्षं, तिथेच राहिली.

आता सालांचा घोळ. काही संदर्भग्रंथ जन्म १२१२ आणि मृत्यू १२७२ देतात, काही १२१८ आणि १२७८. नीट बघितलं तर दोन्ही जोड्यांत वय ६० च येतं, म्हणजे १२ अधिक ४८ हा हिशोब परंपरेत पक्का आहे आणि एक टोक सरकलं की दुसरं आपोआप सरकतं. बऱ्याच ठिकाणी, खासकरून नेटवर, जन्म एका जोडीतला आणि मृत्यू दुसऱ्या जोडीतला उचललेला दिसतो, १२१८ ते १२७२ असा, मग वय ५४ होतं आणि ४८ वर्षांची नोकरी त्यात बसतच नाही. अलीकडे १२७२ कडे कल जास्त आहे आणि इथेही तेच धरलंय, जन्मसाल मात्र 'सुमारे' म्हणूनच घ्यावं, कारण गरिबाघरच्या पोरीच्या जन्माची नोंद त्या काळी कोण ठेवणार.

संतपदाचंही तसंच. अधिकृत घोषणा पोप बारावे इनोसंट ह्यांनी १६९६ मध्ये केली, म्हणजे मृत्यूनंतर चारशेहून जास्त वर्षांनी. पण लुक्काच्या लोकांनी तेवढी वाट बघितली नव्हती. इटालियन कवी दान्तेच्या 'इन्फेर्नो' ह्या नरकवर्णनाच्या काव्याच्या २१व्या सर्गात लुक्काच्या एका नगर-पंचाचा उल्लेख 'सांता झिटाचा' असा येतो, ते काव्य १४व्या शतकाच्या सुरुवातीचं, म्हणजे ती जाऊन अर्धं शतक व्हायच्या आत शहर तिच्या नावाने ओळखलं जात होतं आणि तेही एका मोलकरणीच्या, हे विशेषच. १५८० मध्ये थडगं उघडलं तेव्हा देह न कुजलेला मिळाला, तो लुक्कातल्या सान फ्रेदियानो चर्चमध्ये काचेच्या पेटीत आजही आहे, आणि जिथे आहे ते चॅपल, म्हणजे चर्चच्या आतलं छोटं प्रार्थनाघर, फातिनेल्लींचं.

आख्यायिका भरपूर आहेत. प्रार्थनेत वेळ गेला आणि घरी येऊन बघते तर देवदूतांनी पाव भाजून ठेवलेले. नाताळच्या आदल्या रात्री मालकाने घालायला दिलेला उबदार झगा चर्चच्या दारात कुडकुडणाऱ्या माणसाला दिला, तो माणूस गायब, दुसऱ्या दिवशी झगा परत. पदरातल्या पावांची फुलं झाली ही गोष्ट हंगेरीच्या संत एलिझाबेथबद्दलही सांगतात, तेव्हा ती मूळ कोणाची ह्यात न पडलेलं बरं. दुष्काळात मालकाला न विचारता त्याच्या कोठारातला घेवडा वाटून टाकला आणि मोजायला गेले तर कोठार भरलेलं, ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण झिटा म्हणजे गुणी, मुकाट राबणारी नोकर एवढंच चित्र काही भक्तिपर चरित्रांत रंगवलेलं असतं ते ह्या गोष्टीशी जुळत नाही.

मराठी वाचकाला इथे जनाबाई आठवणारच, नामदेवांच्या घरची दासी आणि तिच्याबरोबर दळू लागणारा विठोबा. सांगाडा तोच, पण जनाबाईचे अभंग आहेत, झिटाचं स्वतःचं काहीच नाही, जे आहे ते मागाहून दुसऱ्यांनी लिहिलेलं.

चर्चच्या शिकवणीत रोजच्या कामातल्या पावित्र्याचा हा विचार फार उशिरा ठळक झाला. पावित्र्य हे फक्त फादर-सिस्टर लोकांसाठी नाही, संसारी आणि कामकरी माणसांसाठीही आहे हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६४ मध्ये स्पष्ट मांडलं. त्याआधी १९५५ मध्ये पोप बारावे पायस ह्यांनी १ मे हा येशूचा पालक पिता, सुतारकाम करणारा संत योसेफ, ह्याचा 'कामकरी' म्हणून सण ठरवला होता. योगायोगाने पाच वर्षांनी १ मे महाराष्ट्र दिन झाला, त्यामुळे पुण्याच्या कॅथलिकांना ह्या सणाला आयतीच सुट्टी असते.

पुण्यात चर्चची परंपरा जुनी आहे, सिटी चर्च १७९२ चं, सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचं, पण झिटाची भक्ती इथे फार पसरलेली दिसत नाही. मोलकरणींचा प्रश्न इथे वेगळ्या वाटेने पुढे आला. १९८० मध्ये धुणंभांडी करणाऱ्या बायकांनी संप केला आणि डाव्या चळवळीच्या आधाराने पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्या पगारवाढ आणि भरपगारी सुट्टीच्या, म्हणजे खाडा झाला की पैसे कापायचे नाहीत अशा. चर्चच्या बाजूने सिस्टर जीन देवोस ह्यांनी १९८५ मध्ये घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली. महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. कामात देव आहे एवढं सांगून पगाराचा विषय टाळता येत नाही, हा आक्षेप ह्या सगळ्या संतचरित्रांवर घेतला जातो आणि तो रास्त आहे.

लुक्कात तिच्या सणाला फुलांचा बाजार भरतो. मध्ययुगात इंग्लंडमध्ये तिला सिथा म्हणत आणि हरवलेल्या किल्ल्या सापडाव्यात म्हणून तिचा धावा करत, आपल्याकडे ते काम संत अँथनीकडे आहे.