पोहे-जलेबी आधी की मेंदूचा स्कॅन आधी?

मेंदूचा पेट स्कॅन, म्हणजे मेंदूत कुठे किती साखर खपते ते दाखवणारा फोटो, असला की चार-सहा तास आधी काही खायचं नसतं, आता इंदूरच्या माणसाला सकाळचे पोहे-जलेबी सोड म्हणणं म्हणजे शिक्षाच, पण कारण आहे. रक्तात शुगर जास्त असली की मेंदूत शिरायला तीच आधी नंबर लावते, सुईतून दिलेली खोटी साखर मागे राहते आणि फोटो फिका येतो. म्हणूनच डायबिटीसवाल्या काका-मावशींची शुगर आधी तपासतात.

खोटी साखर म्हणजे एफडीजी, ग्लुकोजच्या रेणूत एका जागी किरणोत्सारी फ्लोरिन-18 बसवलेलं. पेशी फसते, हिला आत घेते, नेहमीसारखं फॉस्फेटही चिकटवते, आणि तिथेच काम अडतं, पुढचं एन्झाइम हिला ओळखत नाही आणि फॉस्फेट लागल्यामुळे बाहेरही पडता येत नाही. मग जिथे साखरेचा खप जास्त तिथे ही साठत जाते आणि तिच्यातून सुटणाऱ्या किरणांवरून मशीन जागा शोधतं. युक्ती अमेरिकेतल्या लुई सोकोलॉफ यांच्या उंदरांवरच्या कामातून आली, माणसाला पहिलं इंजेक्शन 1976 मध्ये फिलाडेल्फियात दिलं, माल ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेतून विमानाने आणलेला, कारण दर 110 मिनिटांनी फ्लोरिन निम्मं होतं.

इंजेक्शननंतर अर्धा तास तरी शांत, अंधाऱ्या खोलीत बसवतात, मोबाइल बंद, गप्पा बंद. लोक कंटाळतात, पण खरं तर फोटो त्याच अर्ध्या तासाचा असतो, मशीनमध्ये आडवं होता त्या वेळेचा नाही! डोळे उघडे ठेवून इकडेतिकडे बघत बसलात तर डोक्याच्या मागचा, नजरेचा भाग जास्त चमकतो.

आणि हो, गणितं सोडवली की मेंदू खूप साखर खातो असं आपल्याकडे हौसेने सांगतात, पण एकूण खप त्याने फारसा हलत नाही. वजनाच्या 2 टक्के असलेला मेंदू नुसतं बसल्या बसल्या शरीराची 20 टक्के ऊर्जा घेतो.

डॉक्टर बघतात ते कुठे फिकं पडलंय ते. अल्झायमरमध्ये कानामागचा-वरचा भाग आणि आत मध्यावरचा मागचा पट्टा मंदावतो, हालचालीचा पट्टा बराच काळ ठीक राहतो. कपाळामागचा भाग फिका असेल तर डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) वेगळ्या प्रकाराची शंका येते. मिरगीचं मात्र वेगळं, झटके जिथून सुटतात ती जागा एरवी मंद दिसते आणि झटका चालू असताना भडकते, त्यामुळे त्या अर्ध्या तासात पेशंटच्या डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या, वायरी लावून ठेवतात, नाहीतर नकळत आलेल्या झटक्याने रिपोर्टच उलटा वाचला जायचा.