टाकाऊतून टिकाऊ : भंगारातल्या कारागिरीची पार्श्वभूमी

टाकाऊतून टिकाऊ वस्तू करणाऱ्यांच्या कल्पकतेचं कौतुक होतं, ते योग्यच आहे. पण या कारागिरीचा इतिहास चाळला की कल्पकतेच्या आधी एखादी रुक्ष बाब सापडते : करविषयक नियम, पॅकिंगची नवी पद्धत, नाहीतर पाडकाम. कारागिराच्या हाती काय लागणार, हे बहुतेकदा तिथेच ठरलेलं असतं.

अमेरिकेतल्या ‘ट्रॅम्प आर्ट’चंच बघा. १८६०च्या दशकात तिथे कर वसुलीच्या सोयीसाठी नियम आला : सिगार लाकडी पेटीतच विकायच्या आणि रिकामी पेटी पुन्हा सिगार भरायला वापरायची नाही. झालं, महोगनी आणि सीडरच्या पातळ, कोरड्या फळ्या फुकटात मिळू लागल्या. खिशातल्या चाकूने फळीच्या कडेला तिरक्या खाचा पाडायच्या, पुढची फळी जरा लहान कापून तिलाही तशाच खाचा द्यायच्या आणि एकावर एक चिकटवत पायऱ्यापायऱ्यांचा उठाव आणायचा. यातून तसबिरींच्या चौकटी झाल्या, पेट्या झाल्या, कपाटंसुद्धा झाली. ‘ट्रॅम्प’ म्हणजे भटक्या, त्यामुळे नावावरून हे भटक्यांचं काम वाटतं. प्रत्यक्षात बरंचसं काम साध्या कामकरी माणसांनी घरी बसून केलेलं आहे. पुढे पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या आणि १९४०च्या सुमारास ही कला आटली.

जुनं लाकूड इतरत्रही वाया जात नव्हतंच. अमेरिकी अध्यक्षांचं ‘रेझोल्यूट’ मेज १८८० साली एका मोडीत काढलेल्या ब्रिटिश जहाजाच्या लाकडातून घडवलं गेलं. मात्र तिथे लाकडाला वंशावळ होती. रस्त्यावरच्या कचऱ्याला तसा मान मिळायला वेगळी माणसं यावी लागली. पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मनीत कुर्ट श्विटर्सने ट्रामची तिकिटं, वेष्टनं आणि लाकडाचे तुकडे जोडून चित्रं केली. न्यूयॉर्कमध्ये लुईझ नेव्हल्सनने कठड्यांचे खांब, खुर्च्यांचे पाय, दारांच्या पट्ट्या असं सगळं खोक्यांत रचलं आणि त्यावर एकच काळा रंग फासला. तिचं भिंतभर पसरलेलं ‘स्काय कॅथीड्रल’ १९५८चं.

नियम मोडूनही असं काम उभं राहिलं, त्याचं उदाहरण चंडीगढचं. गावं हटवून नवं शहर बांधलं जात असताना सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक नेकचंद राडारोडा, फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीचे तुकडे राखीव जंगलात गुपचूप नेत राहिले. बांधकाम बेकायदा होतं, पण पाडलं गेलं नाही. १९७६ साली ‘रॉक गार्डन’ लोकांसाठी खुलं झालं.

आज या छंदातलं सर्वात लोकप्रिय लाकूड म्हणजे मालवाहतुकीचे पॅलेट, म्हणजे माल रचून उचलण्यासाठीचे फळ्यांचे सपाट चौथरे. दुसऱ्या महायुद्धात फोर्कलिफ्टबरोबर त्यांचा प्रसार झाला आणि युरोपात १९६१ साली १२०० × ८०० मिलिमीटर हे माप ठरलं. २००२ साली लाकडातल्या किडीविरुद्ध आंतरराष्ट्रीय मानक आलं, म्हणून पॅलेटवर शिक्का दिसतो. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं; ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ‘एमबी’ शिक्क्याचा पॅलेट घरात आणूच नये. पॅलेट फर्निचरचे देखणे फोटो टाकणारे ही गोष्ट क्वचितच सांगतात.

पाडकामाचं लाकूड अधिक सरस. जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडांची वलयं दाट असतात, त्यामुळे ते सहसा घट्ट असतं. त्यातला खिळा चुकून राहिला तर रंध्याच्या पात्याची वाट लागते, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नये. बुलडोझरखाली मात्र या लाकडाचा चुरा होतो. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०१६ साली ठराविक जुनी घरं यंत्राने न पाडता सुटी करूनच उतरवावीत, असा नियम केला. गेल्या काही दशकांतल्या घरांतून निघणारा माल मात्र बराचसा एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या लाकडाचे तंतू किंवा चुरा दाबून केलेल्या फळ्यांचा असतो : पाण्याने फुगणारा, उपसलेल्या जागी स्क्रू पुन्हा न धरणारा आणि चाकूने कोरू गेलं तर भुसा होणारा.