ठेच एकच, कळा दोन

काल रात्री लाईट गेलेले, अंधारात पाणी प्यायला उठलो आणि पायाची करंगळी पलंगाच्या पायावर आपटली. अशा वेळी नीट लक्ष दिलंय का कधी? आधी एक तीक्ष्ण कळ जाते, तोंडातून "आई गं" निघतं, आणि साधारण सेकंदभराने दुसरी येते, ठसठसणारी, ती मग मुक्कामच ठोकते.

याचं कारण निरोप दोन वेगळ्या मज्जातंतूंनी जातो. (नस म्हटलं की लोकांना रक्ताची वाटते म्हणून तंतू म्हणतोय.) तंतूत वायरसारखा करंट वाहत नाही, एका जागी सोडियम आत शिरतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं, आणि तोच खेळ पुढच्या जागी. पहिल्या कळेच्या तंतूभोवती श्वान पेशींनी मायलीन नावाचं चरबीचं वेष्टन गुंडाळलेलं असतं, श्वान हे जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे, कुत्र्याचा काही संबंध नाही. वेष्टनात मधेमधे बारीक फटी असतात आणि हा खेळ फक्त तिथेच होतो, त्यामुळे सिग्नल उड्या मारत सेकंदाला 5 ते 30 मीटर पळतो. दुसरा तंतू बारीक आणि उघडाच, त्याचा स्पीड सेकंदाला मीटरभर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढा.

आता गंमत अशी की करंगळीपासून कंबरेपर्यंतचा हा तंतू म्हणजे एकाच पेशीची शेपूट आहे! पेशीचं मुख्य अंग मणक्याजवळ, फार तर 0.1 मिलिमीटर, आणि शेपूट जवळपास 1 मीटर. अंग लिंबाएवढं धरलं तर शेपूट अर्ध्या किलोमीटरच्या आसपास जाईल. शेपटीच्या टोकाला लागणारी बरीचशी प्रथिनं कंबरेजवळच तयार होतात आणि तिथून पाठवावी लागतात, फास्ट डिलिव्हरीलासुद्धा दोन-तीन दिवस.

एवढी लांब शेपूट गेली कशी तिथवर? गर्भात अंतर मिलिमीटरांत असतं तेव्हाच टोकाचा पंजासारखा भाग रासायनिक खुणा चाचपत पायापर्यंत पोचतो, 1890 मध्ये रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने कोंबडीच्या गर्भात हा पंजा पाहिला होता. एकदा टोक बोटात रुजलं की मूल वाढेल तसा तंतू मधूनच ताणत वाढतो.

तुटला तर मात्र जिथे तुटला तिथपासून पुन्हा सुरुवात, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. घोट्यापासून करंगळीपर्यंत 15 सेंटिमीटर धरा, झाले की पाच महिने.