काटा मागे पडतो म्हणून: शिफ्ट लाइटची पार्श्वभूमी

फेऱ्या मोजण्याचे यंत्र मोटारीच्या आधीचे आहे. डिट्रिश उलहॉर्न या जर्मन अभियंत्याने १८१७ साली यंत्रांचा वेग मोजण्यासाठी टॅकोमीटर तयार केला, तेव्हा पहिली मोटार जन्माला यायला सुमारे सत्तर वर्षे अवकाश होता. कापड गिरण्यांत चाती मिनिटाला किती फेऱ्या घेते हे पाहण्यासाठी आसाच्या टोकाला टेकवायचा हातातला टॅकोमीटर असे, आणि सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावात या यंत्राशी ओळख झाली ती मोटारींपेक्षा अशा कारखान्यांतूनच, असे मानायला हरकत नाही. अर्थात यंत्रमागावर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या कामगाराला माग मंदावल्याचे आकड्याआधी आवाजावरून कळते. मॅन्युअल गिअरची गाडी चालवणाराही बहुतेक वेळा कानावरच गिअर बदलत असतो. मग होटगी रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात तरुण आपल्या जुन्या सेडानला शिफ्ट लाइट, म्हणजे ठरलेल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) पेटून ‘आता गिअर टाक’ असे सांगणारा दिवा, बसवून मागतो तो कशासाठी? केवळ शोभेसाठी, असे उत्तर अनेक मिस्त्री हसून देतात आणि काही गाड्यांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु हा दिवा निघाला तो इंजिनात घडणारी गोष्ट चालकाच्या हातापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ कमी करण्यासाठी.

ही निकड भासते ती ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे थांबलेल्या जागेवरून सुटून सरळ पट्टीवर ठरावीक अंतर पळण्याच्या शर्यतीत. तिची मुळे दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर आहेत. तेथे १९३० च्या दशकात तरुण आपल्या सुधारलेल्या गाड्या पळवीत आणि त्यांच्या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा खेळ विमानांच्या धावपट्ट्यांवर आला. सांता आना येथील धावपट्टीवर १९५० साली तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. अंतर ठरले पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. सुटण्याचा इशारा सुरुवातीला झेंड्याने दिला जाई. १९६३ मध्ये त्या जागी ‘ख्रिसमस ट्री’ नावाचा दिव्यांचा खांब आला. इशारा माणसाच्या हातून दिव्याकडे गेला तो आधी गाडीबाहेर. गाडीच्या आत तीच गोष्ट पुढे घडली.

पाव मैलाच्या धावेत साधी कार सोळा ते अठरा सेकंद घेते आणि तेवढ्यात दोन-तीन वेळा गिअर बदलावा लागतो. तो केव्हा बदलावा हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. समजा, एखाद्या इंजिनाची सर्वाधिक शक्ती ६,००० आरपीएमला मिळते आणि गाडीच्या पहिल्या तीन गिअरची गुणोत्तरे ३.५, १.९ आणि १.३ आहेत. ६,००० ला दुसरा गिअर टाकला, तर इंजिन जवळपास ३,२५० वर येऊन पडते. ६,५०० पर्यंत ताणून टाकला, तर ३,५०० च्या किंचित वर राहते. शिखर ओलांडल्यावर शक्ती थोडी घटते हे खरे, पण खालच्या गिअरमध्ये उरलेली शक्ती वरच्या गिअरमध्ये मिळणार असलेल्या शक्तीपेक्षा जास्त आहे तोपर्यंत ताणत राहणेच फायद्याचे असते. त्यामुळे योग्य क्षण लाल रेषेच्या, म्हणजे इंजिनाला सोसेल अशा कमाल आरपीएमच्या, अगदी जवळ जातो, आणि लाल रेषेपलीकडे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा व्हॉल्व्ह वेळेवर मिटवू शकत नाहीत, तो पिस्टनवर आपटण्याची भीती असते. लवकर टाकला तर वेळ जातो आणि उशीर झाला तर इंजिन.

कानाचा भरवसा येथे कमी पडतो. धावपट्टीवर शेजारी दुसरी गाडी तेवढाच आवाज करीत असते, सायलेन्सर बहुधा काढलेला असतो आणि शिरस्त्राणामुळे आवाज दबतो. म्हणून काटा आला. १९६० च्या दशकात शिकागोच्या सन इलेक्ट्रिक कंपनीचे टॅकोमीटर अमेरिकी शर्यतीच्या गाड्यांत सर्रास दिसत. ते स्टिअरिंगच्या दांड्यावर किंवा डॅशबोर्डच्या वर पट्ट्याने बसवले जात. पॉन्टियाकने १९६७ मध्ये तर बॉनेटवरच टॅकोमीटर देऊ केला, जेणेकरून चालकाची नजर रस्त्यावरून फारशी हलू नये. शर्यतवीरांनी आणखी एक साधी युक्ती काढली होती. टॅकोमीटर त्याच्या कड्यात असा फिरवून बसवायचा की गिअर टाकण्याचा आकडा नेमका बारा वाजण्याच्या जागी येईल. मग आकडा वाचायचाच नाही, काटा उभा झाला की हात मारायचा. मला ही युक्ती शिफ्ट लाइटची खरी पूर्वज वाटते, कारण वाचन टाळून केवळ इशारा घेण्याची कल्पना तिच्यात पूर्ण आलेली आहे.

पण काट्याला वजन असते. इंजिन झपाट्याने चढत असताना काटा मागे पडतो, आणि गिअर पडल्यावर आरपीएम कोसळते तेव्हा तो पुढे निघून जातो. त्यातच काट्याकडे पाहायचे म्हणजे डोळा दूरच्या धावपट्टीवरून जवळच्या तबकडीवर आणायचा आणि परत न्यायचा. दिव्याला हे काहीच लागत नाही, तो नजरेच्या कडेलाही कळतो.

दिवा नेमक्या वेळी पेटवण्याचे काम इग्निशनच्या विजेवर सोपवता येते. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात ठिणगीची वीज देणारी एकच कॉइल आणि ती प्लगांना वाटणारा डिस्ट्रिब्युटर असेल, तर प्रत्येक फेरीला दोन ठिणग्या पडतात. ६,००० आरपीएमला सेकंदाला २०० ठिणग्या, म्हणजे दोन ठिणग्यांत फक्त ५ मिलिसेकंदांचे अंतर. आठ सिलिंडरला हेच प्रमाण दुप्पट. कॉइलच्या ऋण टोकाकडून येणाऱ्या या ठोक्यांमधले अंतर मोजणारे सर्किट आणि ते ठरलेल्या मर्यादेखाली आले की पेटणारा बल्ब, एवढ्यावर शिफ्ट लाइट उभा आहे. १९५७ साली इलिनॉयमध्ये सुरू झालेल्या ऑटो मीटर कंपनीचे बाजूला दिवा जोडलेले पाच इंची टॅकोमीटर पुढे शर्यतीच्या गाडीची ओळख बनले. टेक्सासमधील एल पासोच्या एमएसडी कंपनीने रेव्ह लिमिटरसाठी, म्हणजे इंजिनाला ठरलेल्या आरपीएमपलीकडे जाऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, आणि दिव्यासाठी आरपीएमच्या छोट्या ‘गोळ्या’ विकायला काढल्या. प्रत्येक गोळीत ठरावीक रोधाचा तुकडा असे, ६,५०० ची काढून ७,००० ची खोचली की मर्यादा बदलली. पेचकस लावून मर्यादा फिरवण्यापेक्षा हे सोपे होते आणि आकडा चुकण्याची शक्यताही त्यात कमी होती.

तरीही बल्बचा स्वतःचा उशीर होताच. तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. एलईडी मात्र विजेसरशी पेटतो. दिसणाऱ्या प्रकाशाचा एलईडी निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६२ सालीच केला होता, पण भर उन्हात ठळक दिसतील इतके तेजस्वी एलईडी स्वस्तात मिळायला आणखी काही दशके गेली. एप्रिल-मे महिन्यांतल्या सोलापूरच्या उन्हात ज्याने डॅशबोर्डवरचा मंद लाल ठिपका शोधला असेल, त्याला या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

काटा गेला, बल्ब गेला, तरी माणूस उरतो. दिवा दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन सेकंदाला २,००० आरपीएमने चढत असेल, तर या पाव सेकंदात ५०० आरपीएम निघून जातात. तिसऱ्या गिअरमध्ये चढण्याचा वेग ३०० च्या आसपास येतो आणि तेवढ्याच वेळात ७५ आरपीएमचाच फरक पडतो. म्हणजे गिअर ६,५०० ला पडावा अशी इच्छा असेल, तर दिवा पहिल्या गिअरमध्ये ६,००० ला आणि तिसऱ्यात ६,४०० च्या पुढे पेटायला हवा. एकाच आकड्यावर बांधलेला दिवा कुठल्या तरी एका गिअरमध्ये खोटे सांगतोच. प्रत्येक गिअरसाठी वेगळा आकडा लावता येणारे किंवा एकामागून एक पेटत जाणाऱ्या दिव्यांची पट्टी असलेले नंतरचे शिफ्ट लाइट याच अडचणीतून आले.

याच दिव्याचा एक शांत भाऊ आहे. इंधन वाचवण्यासाठी वरचा गिअर टाका असे सुचवणारा बाण युरोपीय संघाने मॅन्युअल प्रवासी कारच्या नव्या मॉडेलांना नोव्हेंबर २०१२ पासून आणि सर्व नव्या कारना नोव्हेंबर २०१४ पासून सक्तीचा केला. आपल्याकडच्या अनेक गाड्यांतही तो असतो. बाण २,००० आरपीएमच्या आसपास वरचा गिअर मागतो आणि शर्यतीचा दिवा ६,००० ला. गॅरेजात या दोहोंची गल्लत होताना मी ऐकली आहे.

भारतात ही सगळी वाट उशिरा सुरू झाली, कारण आपल्या रस्त्यावर फार काळ टॅकोमीटरच नव्हता. प्रीमियर पद्मिनीत नव्हता, १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० मध्ये नव्हता. यामाहा आरएक्स १०० वर गिअर बदलायला शिकलेल्या पिढीने तो कानानेच बदलला. राजदूत ३५० वर दोन तबकड्या असत, पण ती गाडी गावात मोजक्यांकडे असे. होंडा सिटीची व्हीटेक आवृत्ती आल्यावर वरच्या आरपीएमला शक्ती देणारे इंजिन सामान्य सेडानमध्ये मिळू लागले आणि ड्रॅगच्या हौशी लोकांची ती आवडती गाडी बनली. दिव्याची सवय मात्र दुचाकींनी लावली: केटीएम ड्यूक आणि २०१८ ची यामाहा आर१५ या गाड्यांवर शिफ्टचा दिवा कंपनीकडूनच येतो.

शर्यतीसाठी बंद पट्टी लागते. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणारी व्हॅली रन ही सोलापूरकरांना त्यातल्या त्यात जवळची, तरी तेथे जायचे म्हणजे आधी पुण्यापर्यंतचेच अडीचशे किलोमीटर. विजापूर किंवा हैदराबाद रस्त्यावर रात्री केलेला प्रकार हा खेळ नव्हे, गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकते.

दिवा बसवताना आज होणारी चूक वायरिंगची असते. नव्या इंजिनांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि ती दोन फेऱ्यांत एकदाच ठोका देते. चार सिलिंडरच्या जुन्या हिशेबावर, म्हणजे फेरीला दोन ठोके धरून, चालणारा दिवा अशा कॉइलला जोडला की त्याला खऱ्याच्या चौथा हिस्सा आरपीएम दिसते आणि तो कधी पेटतच नाही. हा घोळ टाळण्यासाठी हल्ली अनेक जण ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाकडून माहिती घेण्याच्या, सॉकेटमध्ये खोचायचे ब्लूटूथ यंत्र घेतात आणि मोबाइलच्या पडद्यावर शिफ्ट लाइट पाहतात. त्यात वायर कापावी लागत नाही, हे खरे. पण हे यंत्र इंजिनाच्या संगणकाला आरपीएम विचारून उत्तराची वाट पाहते, आणि जुन्या धाटणीच्या, संथ संदेशवहन असलेल्या गाड्यांत असे उत्तर सेकंदाला जेमतेम काही वेळाच येते. पहिल्या गिअरमध्ये दोन उत्तरांच्या मधल्या वेळात इंजिन शेकडो आरपीएम चढून गेलेले असते, म्हणजे पडद्यावरचा लखलखीत दिवा सन कंपनीच्या काट्याइतकाच मागे राहतो.